धुराचा चहा

मी नाकाची डॉक्टर आहे. पाटीवर कान, नाक, घसा असं तिन्ही लिहिलेलं असतं, पण आयर्लंडमधल्या स्लायगोच्या हॉस्पिटलात माझ्याकडे येणारे बहुतेक लोक नाक घेऊनच येतात. कुणाचं वाकडं, कुणाचं चोंदलेलं, कुणाचं बारा महिने वाहणारं. करोनानंतर त्यात एक नवी रांग वाढली, वास गेलेल्यांची. त्यांच्याशी मी फार समजुतीने बोलते अशी माझी ख्याती आहे. आणि माझे वडील तीन महिने माझ्या घरी राहिले, रोज सकाळी माझ्यासमोर बसून चहा प्यायले, त्यांना कशाचाच वास येत नव्हता, आणि ते मला कळलं नाही. दिव्याखाली अंधार असतो हे लहानपणापासून ऐकलं होतं. तो एवढा असतो हे माहीत नव्हतं.

अण्णांचं कराडच्या पेठेत चहापत्तीचं दुकान. आजोबांनी सुरू केलेलं. आसामची दाणेदार पत्ती, निलगिरीची जरा उजळ, शिवाय बारीक भुकटी, अशी पोती यायची आणि अण्णा त्यांचं मिश्रण करायचे. त्या मिश्रणासाठी लोक पाटण-उंब्रजहून यायचे. कृती कुठे लिहिलेली नव्हती. होतं ते एक नाक. नवीन पोतं फोडलं की अण्णा आत हात घालून मूठ भरायचे, मूठ तोंडाशी नेऊन 'हा' करून पत्तीवर तोंडाची वाफ सोडायचे आणि लगेच नाक लावायचे. ऊब लागली की पत्ती बोलती, असं ते म्हणायचे. डोळे मिटलेले असायचे. तेवढ्या वेळात दुकानात कुणी बोललेलं चालत नसे, गिऱ्हाइकानेसुद्धा. मग डोळे उघडून म्हणायचे, "ह्यात ओल शिरलीया," किंवा "हे चाललं." मुळात नाकावर माशी बसू न देणारा माणूस, आणि ते नाक सगळ्या पेठेने मान्य केलेलं. मी हा विषय निवडला त्यात त्या मुठीचा वाटा आहे. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

मिश्रण होईपर्यंत गिऱ्हाइकाला थांबावं लागायचं, आणि थांबलेल्या गिऱ्हाइकाला अण्णा गोष्ट सांगायचे. गोष्ट एकच, काळा चहा जन्माला कसा आला त्याची. चीनमध्ये फुजियान म्हणून मुलूख आहे, तिथे वुयीचे डोंगर, आणि त्या डोंगरात एक चहाचं गाव. तोवर तिथला चहा म्हणजे हिरवा चहा. पान खुडलं की लगेच कढईत तापवायचं, म्हणजे ते काळं पडत नाही. काळं पडलं की माल गेला. तर एकदा ऐन खुडणीच्या दिवसांत त्या गावावरून सैन्य चाललं. गावकरी घाबरून रानात पळाले. दमलेल्या शिपायांनी चहाच्या कोठारात मुक्काम केला आणि खुडलेल्या पानांच्या ढिगावरच अंग टाकलं. सैन्य गेलं, गावकरी परतले, आणि बघतात तर पानं चेंगरून, मुरून काळीतांबडी झालेली. वर्षाचं पीक शिपायांच्या पाठीखाली गेलं होतं.

इथे अण्णा थांबायचे. गिऱ्हाईक 'मग?' म्हणेपर्यंत पुढे सरकायचे नाहीत.

"मग काय! रानातली पाइनची लाकडं आणली, जाळ केला, आन् त्या धुरावर पानं सुकवली. गावात कुणी तोंडाला लावंना. म्हणून बंदरावर न्हेऊन गोऱ्या व्यापाऱ्यांच्या गळ्यात मारला. फुडच्या वर्षी गोरे परत आले. म्हनाले, त्यो गेल्या वर्षीचा धुराचा चहा हाय का?"

तिथून काळा चहा चीनभर गेला. नोकरी गेलेल्या एका अंमलदाराने ती रीत शिकून आपल्या गावाकडे नेली, अशी एक पोटगोष्टही होती. गिऱ्हाईक घाईत नसेल तरच ती निघायची. पुढे इंग्रजांनी चीनमधून रोपं आणली, कारागीर आणले, आसामात मळे उभे केले. "म्हंजे तुमच्या कपाचा पणजोबा त्यो बिघडलेला ढीग," असं म्हणून अण्णा पुडीला दोरा गुंडाळायचे. तात्पर्य ठरलेलं होतं. बिघडला म्हणून माल टाकायचा नाही, कुणाला तरी तो लागतोच.

कॉलेजात गेल्यावर मला शिंगं फुटली. ही नुसती दंतकथा आहे, असं मी त्यांना एकदा ऐकवलं. "तुझ्या पुस्तकात न्हाई म्हणून झालंच न्हाई व्हय?" एवढंच ते म्हणाले. खरी गंमत वेगळीच होती. तो धुराचा चहा अण्णांनी स्वतः कधी चाखलेला नव्हता. कराडपर्यंत तो यायचं काही कारणच नव्हतं. न प्यालेल्या चहाची गोष्ट ते पन्नास वर्षं सांगत होते.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात ते एकटे आयर्लंडला आले. आईलाही बोलावलं होतं, पण "दुकानाकडं कोण बघणार" म्हणून ती मागे राहिली. मला राग आला. आई जन्मात दुकानाची पायरी चढलेली नव्हती. ती काय बघणार होती? मी फोनवर तसं म्हटलंसुद्धा. आई नुसती हसली.

आमच्या शेजारी एक आयरिश आजी राहते. दलदलीतून कापून वाळवलेली माती, तिला इथे टर्फ म्हणतात, ती अजून तिच्या शेगडीत जळते आणि ओल्या दिवशी तिचा धूर आमच्या पडद्यांना धरून बसतो. आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा दारातच विचारतो, हा कसला वास? अण्णा उतरले त्या दिवशी धूर अंगणात शिरला होता. ते म्हणाले, "हवा लई चांगली हाय गं इथली." मला बरं वाटलं. एकदा दूध करपून घरभर वास सुटला आणि अण्णा शेगडीशेजारीच उभं राहून खिडकीतून समोरचा सपाट माथ्याचा डोंगर बघत होते. स्मोक अलार्म वाजला तेव्हा दचकले. "अण्णा, लक्ष कुठंय तुमचं?" मी ओरडले. "वय झालं आता," ते म्हणाले. रोज सकाळी फोन घेऊन मागच्या बागेत जायचे आणि आईशी बोलत येरझाऱ्या घालायचे. जन्मात दोन वाक्यांपलीकडे न बोललेली ही माणसं इतकं काय बोलतात म्हणून मी आणि नवरा त्यांची थट्टा करायचो. पत्ती कराडहून आणली होती, पण चहा मलाच करायला सांगायचे. "तुझ्या हातचा पिऊ दे," म्हणायचे. यातलं एखादं लक्षण कुठल्या पेशंटने सांगितलं असतं तर मी लगेच कान टवकारले असते. पण घरचं माणूस आपल्यापुढे तपासून घ्यायला बसलेलं नसतं, आणि आपणही तपासायला बसलेले नसतो.

आमच्या ऑपरेशन थिएटरमधली एक नर्स चीनची आहे, तीही फुजियानचीच. अण्णांची गोष्ट मी तिला सांगितली तेव्हा ती हसत सुटली. तिच्या आजीनेही तिला हीच गोष्ट सांगितली होती, शिपायांसकट. सुट्टीवरून परत येताना तिने अण्णांसाठी एक पुडी आणली. मी ती आठवडाभर हॉस्पिटलच्या लॉकरमध्ये ठेवली, कारण घरी नेली असती तर बंद पुडीचाही वास आला असता. तिला रविवारी घरी बोलावलं. मला अण्णांचा चेहरा बघायचा होता. इतक्या आतुरतेने मी स्वतःच्या वाढदिवसाचीही वाट बघितली नसेल.

पुडी कापली आणि स्वयंपाकघरात धूरच शिरला. नवऱ्याने उठून खिडकी उघडली. माझी लेक नाक दाबून म्हणाली, "ओ मम्मा, इट्स लाइक द टर्फ नेक्स्ट डोअर!" अण्णांनी एकदा तिच्याकडे बघितलं. तिला मराठी सगळं कळतं, ती बोलते मात्र इथल्यासारखी इंग्रजी. अण्णांना त्यातलं एक अक्षर कळलं नव्हतं. त्यांनी मूठ भरली, 'हा' केलं, नाक लावलं, डोळे मिटले. आम्ही सगळे गप्प. नेहमीपेक्षा फार वेळ लागला. मी समजले, माणूस भारावला आहे. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

नर्सने चहा केला, अर्थात बिनदुधाचा. कपात तो तांब्यासारखा दिसत होता. याला आपण काळा म्हणतो, पण त्यांच्याकडे लाल चहाच म्हणतात, असं तिने सांगितलं. अण्णांनी चमच्याने घोट घेऊन दुकानातल्यासारखा सुर्रकन आवाज केला, तोंडात घोळवला आणि म्हणाले, "छान हाय. फुलासारखा. मोगऱ्याकडं जाणारा. लई नाजूक हाय, सांग तिला."

मला ते इंग्रजीत सांगावं लागलं. नर्सने अण्णांकडे बघितलं. मग म्हणाली, या चहाचा एक बिनधुराचा प्रकार असतो, त्याला फळाफुलांचा वास असतो, जुन्या जाणत्यांना तो यातही सापडतो. "ही इज राइट," ती म्हणाली. तिने ओळखलं असेल का, मला माहीत नाही. तिने त्यांना सावरून घेतलं एवढं खरं. मला ती अक्कल सुचली नाही.

मला लाज वाटली होती, आणि लाज वाटली की मला राग येतो. "अण्णा, काहीतरीच काय बोलता? धूर आहे हा, धूर! एवढ्याशा पोरीला कळतंय आणि तुम्हाला कळत नाही? पन्नास वर्षं लोकांना नुसत्या गोष्टीच सांगितल्या होय?" पाहुणीला भांडण वाटू नये म्हणून मी हे हसत हसत म्हणाले. हसत म्हटलेलं जास्त लागतं.

अण्णांनी कप बशीत ठेवला. "जीभ म्हातारी झाली आता," म्हणाले, आणि मला नर्सच्या आईवडिलांची चौकशी करायला सांगितली. कपातला सगळा चहा मात्र त्यांनी संपवला.

त्यानंतर चार-पाच दिवस माझा राग धुमसत होता. बाप खोटा पडल्याचा राग. एका संध्याकाळी मी डिशवॉशर रिकामं करत होते. अण्णा येऊन बाजूला उभे राहिले.

"काय गं, तुमच्याकडं वास गेलेली मान्सं येत्यात का?"

"येतात की."

"आपल्या पेठेत एक हाय. करोनात गेला त्याचा. दोन वर्सं झाली. मला म्हनला, तुमच्या लेकीला इचारा. त्याला काय सांगू?"

मी मागे वळूनही बघितलं नाही. "दोन वर्षं? मग सोडून दे म्हणावं. आता काही येत नाही तो."

"औषध न्हाई काय?"

"नाही हो अण्णा. आणि त्यात काय एवढं? वास गेला म्हणून कोणी मरत नाही."

"बरं," ते म्हणाले. मग त्यांनी मला धुतलेले चमचे एकेक करून काढून दिले आणि मी ते ठेवत गेले.

त्याच दिवशी सकाळी ओपीडीत मी एका मेंढपाळाला वीस मिनिटं समजावलं होतं. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी, चार बाटल्या घ्या. सकाळ-संध्याकाळ एकेक हुंगा. हुंगताना तो वास पूर्वी कसा होता ते आठवा. कित्येक महिने करावं लागेल, कंटाळू नका. उशिरा का होईना, काहींचा वास परत येतो; खात्री देत नाही, पण आशा सोडू नका. आशा हा शब्द मी त्याच्यासाठी मुद्दाम वापरला होता. अण्णांच्या पेठेतल्या माणसासाठी माझ्याकडे तेवढी वीस मिनिटं नव्हती. घरच्यांना डॉक्टर नेहमी उरलंसुरलं उत्तर देतात.

निघताना अण्णांनी त्या पुडीतला अर्धा चहा मागून घेतला. "तुझ्या आईला दाखवतो," म्हणाले. उरलेला मी प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, मागे ढकलून दिला.

जानेवारीत ते गेले. सकाळी दुकानाचं शटर वर करताना छातीत कळ आली आणि तिथेच बसले. आईचा फोन आला तेव्हा मी डबा भरत होते. शेजारची आजी कुणी न सांगता आली, किटली आणि अंड्याची सँडविचेस घेऊन. "सॉरी फॉर युअर ट्रबल, लव्ह," म्हणाली, आणि "यू विल हॅव अ कप ऑफ टे." तिच्या पिढीतली माणसं चहाला अजून टे म्हणतात. तिने भरपूर दूध घातलं. आमच्याकडे सुतकात शेजारी कोरा चहा आणतात, दूध घालत नाहीत. हे तिला कशाला सांगायचं? मी प्यायले आणि डब्लिनच्या विमानतळाची वाट धरली.

कराडला पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. नऊ दिवस शेजारणींच्या घरून कोरा चहा येत होता, आणि सगळ्यांच्या घरची पत्ती अण्णांचीच. दूध नाही, आलं नाही, त्यामुळे मिश्रण उघडं पडतं, काही लपत नाही. पहिल्याच घोटाला मी लहानपणीच्या ओट्यावर जाऊन बसले. तसूभर फरक नव्हता. आणि या माणसाला मी म्हटलं होतं, नुसत्या गोष्टीच सांगितल्या होय. तेव्हा मी पहिल्यांदा रडले. तेव्हाही मला खरं काय ते कळलेलं नव्हतंच.

ते कळलं मागच्या जूनमध्ये. आई पहिल्यांदा आमच्याकडे आली होती. दुकान तोवर बंद केलं होतं. मी भाजी चिरत होते आणि ती प्रेस उघडून साखर शोधत होती. मागून ती पुडी निघाली. आईने पुडी सोडली, मूठ भरली, तोंडाशी नेऊन 'हा' केलं आणि नाक लावलं. डोळे मिटले. माझ्या हातातली सुरी थांबली.

"त्योच," ती म्हणाली. "ह्यांनी आणला हुता त्योच. पाइनच्या धुराचा."

"आई, हे तू कुठं शिकलीस?"

ती खुर्चीत बसली. थोडा वेळ नुसती मूठ उघडून पत्तीकडे बघत राहिली.

"ह्यांचं नाक करोनातच गेलं गं. परत आलंच न्हाई. पेठेत कळलं असतं तर दुकान ऱ्हायलं असतं का? मग सकाळी दुकान उघडायच्या आदी नमुने घरी आणायचे आन् मला हुंगाया द्यायचे. मला त्यांचे शब्द कुठं येत्यात? मी म्हनायची, ह्याला ठेवनीतल्या घोंगडीचा वास येतोय, ह्याला भाजल्या शेंगदान्याचा. त्यावरनं ते वळखायचे आन् मिश्रन धरायचे. हितं आले तवा दुकानातला गडी नमुने घरी टाकायचा, आन् रोज फोनवर त्येच चालायचं. म्हणून तर मी आले न्हाई."

बागेतल्या येरझाऱ्या माझ्या डोळ्यांसमोर आल्या. सुतकातला तो कोरा चहाही आठवला. हात त्यांचा होता आणि नाक आईचं.

"तितनं आल्या आल्या ही पुडी माझ्या हातात दिली," आई सांगत होती. "म्हनाले, वास घे आन् खरं सांग. मी म्हटलं, धूर हाय. तीनदा घ्याया लावला. धूरच ना? नक्की? मी म्हटलं, व्हय, चुलीतल्यासारखा. मग पुडीला दोरा गुंडाळला. म्हनाले, पोरगी बरुबर बोलली. गोष्ट खरी हाय म्हंजे."

मी ओट्याला टेकून उभी होते. आईने मूठ पुडीत रिकामी केली, हात झाडले, आणि म्हणाली, "तुलाच इचाराया आले हुते ते. लेक नाकाची डाक्टर हाय, ती काय तरी करंल. जाताना तेवढंच डोक्यात. परत आल्यावर मी म्हटलं, काय म्हनाली? तर म्हनाले, इचारलंच न्हाई. कामात असती ती, उगं कशाला तिच्या डोक्याला ताप." आईने माझ्याकडे बघितलं. "इचारलं असतं तर आला असता का गं वास?"

माझ्या तोंडून ओपीडीतलं उत्तर बाहेर पडलं, सवयीने. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. सकाळ-संध्याकाळ. काहींचा येतो आई, उशिरासुद्धा येतो.

आई पदराने डोळे पुसत म्हणाली, "मग इचाराया पायजे हुतं ह्यांनी. जन्मभर असाच मानूस. सोताचं कधी तोंडानं सांगायचं न्हाई."

बोलायची हीच वेळ होती, आणि मी भाजी चिरायला लागले. आईला आपल्या लेकीचं उत्तर कळू नये म्हणून अण्णा तिच्याशी खोटं बोलले होते, आणि मी त्या खोट्याच्या आडोशाला गुपचूप उभी राहिले. महिन्याभराने ती कराडला परत गेली. अजूनही फोनवर विषय निघाला की ती मेलेल्या माणसाला बोल लावते, विचारायला पाहिजे होतं ह्यांनी. मी हं म्हणते.

मी अधूनमधून मराठी मासिकांत लिहिते, आणि छापून आलेलं आई सगळं वाचते, चष्मा पुसून, हळूहळू, बोट ठेवून. हेही वाचेल. समोर बसून सांगायचा धीर मला झाला नाही, म्हणून इथे लिहिते. आई, अण्णांनी विचारलं होतं.